आडत दुकानाचा हिशेब क्लाउडवर कसा न्यावा

लातूरच्या मोंढ्यातील (धान्य बाजारातील) एका ओळखीच्या आडत दुकानात, सोयाबीनची आवक ऐन भरात असताना, वीज गेली आणि आली. त्यानंतर गादीशेजारचा संगणक सुरूच झाला नाही. गल्ल्यात पेनड्राइव्ह होता, पण त्यातली शेवटची नोंद आषाढातली आणि महिना होता कार्तिक. शेतकऱ्यांना दिलेल्या पट्ट्यांच्या, म्हणजे मालविक्रीच्या हिशेबाच्या पावत्यांच्या, कार्बन प्रती पुढे घेऊन मुनिमांना सगळा हिशेब नव्याने भरावा लागला. क्लाउडचा विचार बहुतेक दुकानांत अशा प्रसंगानंतरच सुरू होतो. तो आधी करावा, यासाठी हे मार्गदर्शन.

क्लाउड म्हणजे दुसऱ्याच्या मालकीचे, इंटरनेटने जोडलेले संगणक वापरापुरते भाड्याने घेणे. स्वतःचे गोदाम न बांधता आपण वखार महामंडळाच्या गोदामात कट्टे ठेवतो आणि त्याचे भाडे देतो, तसाच हा व्यवहार आहे. अॅमेझॉनने २००६ मध्ये साठवणुकीची अशी सेवा सुरू केली. भारतातही आता मोठी केंद्रे आहेत: मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये, अॅमेझॉनने २०१६ मध्ये आणि गुगलने २०१७ मध्ये आपापली सेवा येथून देण्यास प्रारंभ केला. या तिघांचीही मुंबईत केंद्रे आहेत. सेवेचे प्रकार अनेक असले, तरी आडत दुकानाला किंवा लहान डाळमिलला ऑनलाइन साठवणूक आणि भाड्याचे तयार सॉफ्टवेअर एवढे पुरते. कोरा सर्व्हर, म्हणजे सॉफ्टवेअर स्वतःच बसवायचा संगणक, भाड्याने घेण्याची वेळ वाळूजच्या औद्योगिक वसाहतीतल्या सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यावर येऊ शकते, मोंढ्यातल्या दुकानावर सहसा येत नाही.

पहिले काम यादीचे. संगणकात, फोनमध्ये आणि कागदावर काय काय आहे ते लिहून काढावे व प्रत्येक नोंदीपुढे एकच प्रश्न विचारावा: हे उद्या नाहीसे झाले तर दुकान उघडता येईल का? ज्याचे उत्तर ‘नाही’ असेल, ते आधी न्यावे.

त्यानंतर इंटरनेटचा अपलोडचा, म्हणजे माहिती वर पाठवण्याचा, वेग मोजावा. जाहिरातीत दिसतो तो बहुधा डाउनलोडचा असतो. ५० जीबी माहिती १० एमबीपीएस वेगाने चढवायला सुमारे ११ तास लागतात, म्हणून पहिली प्रत रात्री लावून ठेवणे सोयीचे. राउटर इन्व्हर्टरवर घ्यावा. संगणकाला इन्व्हर्टर आणि राउटर मात्र थेट भिंतीतल्या प्लगवर, हे दृश्य मी इतक्या दुकानांत पाहिले आहे की ही साधी गोष्ट लिहिणे भाग आहे.

आता मुख्य काम. सगळा कारभार एकदम हलवू नये; हिशेब जागेवरच चालू ठेवून आधी केवळ त्याची प्रत वर पाठवावी. येथे एक चूक वारंवार होते. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा चालू फोल्डरच आपोआप जुळणाऱ्या ऑनलाइन फोल्डरमध्ये ठेवला जातो, आणि मुनीम नोंद करत असतानाच तीच फाइल वर जाऊ लागल्याने ती बिघडण्याचा धोका निर्माण होतो. त्याऐवजी दिवसाचा सौदा संपल्यावर सॉफ्टवेअरमधूनच बॅकअप काढावा आणि ती फाइल तारखेच्या नावाने वर ठेवावी. शिवाय, आपोआप जुळणारा फोल्डर हा बॅकअप नव्हे, कारण येथे पुसलेले तिथेही पुसले जाते. जुन्या आवृत्त्या किमान महिनाभर राखण्याची सोय सुरू असल्याची खात्री करावी.

खाते मालकाच्या नावाने आणि मालकाच्याच मोबाइल क्रमांकावर उघडावे. संगणक दुरुस्त करणाऱ्या मुलाने स्वतःच्या ईमेलवर खाते उघडून दिले आणि पुढे तो पुण्याला निघून गेला, तर आपला हिशेब त्याच्या पासवर्डमागे अडकतो. मुनिमांना वेगळे लॉगिन द्यावे व दुहेरी पडताळणी (पासवर्डसोबत मोबाइलवरचा कोडही विचारण्याची सोय) चालू ठेवावी.

खर्चाचा अंदाज घेताना साठवणुकीच्या भाड्यासोबत १८ टक्के जीएसटी धरावा. काही सेवांमध्ये माहिती परत उतरवून घेण्याचेही पैसे पडतात. कट्टे ठेवताना हमाली नाही आणि उचलताना आहे, असा हा प्रकार, म्हणून हा दर करारापूर्वीच विचारावा.

कायद्याची बाजू सीएंकडून तपासून घ्यावी. कंपनी म्हणून नोंदणी झालेल्या व्यवसायाने संगणकावर हिशेब ठेवल्यास त्याचा बॅकअप भारतातील सर्व्हरवर ठेवावा लागतो, आणि ऑगस्ट २०२२ मधील दुरुस्तीनंतर तो रोजच्या रोज घ्यावा लागतो. जीएसटीचे हिशेब त्या वर्षाचे वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या अंतिम मुदतीपासून ७२ महिने जपायचे असतात. साठवणुकीची मुदत त्या बेताने ठरवावी.

शेवटचे काम दर तीन महिन्यांनी करावयाचे आहे. दुसऱ्याच संगणकावर, उदाहरणार्थ घरच्या लॅपटॉपवर, क्लाउडवरची ताजी प्रत उतरवावी, सॉफ्टवेअरमध्ये उघडावी आणि मागच्या आठवड्यातील कोणत्याही एका शेतकऱ्याची पट्टी काढावी. कट्टे, वजन, भाव, हमाली, तोलाई आणि हाती दिलेली रक्कम कार्बन प्रतीशी जुळली, तर त्या प्रतीवर आजची तारीख घालून ती फाइलला लावावी. न जुळल्यास त्याच संध्याकाळी नवा बॅकअप काढून पुन्हा ताडून पाहावे.