टस्कनीच्या शेतघरात नागपूरचे लग्न टिपताना

परदेशातील लग्नाचे काम हाती आले की नागपूरचा छायाचित्रकार सर्वप्रथम लेन्सची यादी करू लागतो. माझ्या मते त्याने सर्वप्रथम पत्रिकेवरचा मुहूर्त वाचावा आणि तो कोणत्या गावच्या पंचांगानुसार काढला आहे, हे यजमानांना विचारावे. विदर्भात गोरज मुहूर्ताची हौस मोठी आहे. जूनमध्ये नागपुरात सूर्य सातच्या सुमारास मावळतो, त्या वेळी इटलीत दुपारचे साडेतीन वाजलेले असतात आणि ऊन अगदी डोक्यावर नसले तरी चांगलेच चढलेले असते. इटलीच्या टस्कनी प्रांतात त्या दिवसांत सूर्यास्त होतो रात्री नऊच्या आसपास. म्हणजे एकाच ‘गोरज’ शब्दाचे दोन अर्थ होतात, एक कडक उन्हातला आणि दुसरा संधिप्रकाशातला, आणि या दोन लग्नांची तयारी पूर्णपणे वेगळी असते.

दुपारचा मुहूर्त ठरला असेल, तर मांडवावर पांढरे कापड ताणून घेण्याची विनंती महिनाभर आधीच करावी. अंतरपाटाच्या दोन्ही बाजूंना वधू-वर समोरासमोर उभे असतात. त्यांची दिशा पूर्व-पश्चिम असेल, तर दुपारी एकाच्या चेहऱ्यावर ऊन आणि दुसऱ्याच्या पाठीवर ऊन, अशी स्थिती येते आणि एकाच एक्स्पोजरमध्ये, म्हणजे कॅमेऱ्यात घेतलेल्या प्रकाशाच्या एकाच मापात, दोन्ही चेहरे सांभाळणे अशक्य होते. वरून पांढरे कापड असल्यास प्रकाश पसरतो आणि ही अडचण बहुतांशी सुटते. मात्र कापड रंगीत नसावे, कारण लाल किंवा हिरव्या छताखाली हळद लागलेल्या त्वचेचा रंग नंतर कितीही प्रयत्न केला तरी पूर्ववत होत नाही. खाली हिरवळ असेल, तर हनुवटीखाली हिरवट छटा येते. तिथे सतरंजी अंथरून घ्यावी.

सूर्यास्ताचा मुहूर्त असेल, तर एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. नागपूर साधारण २१ अक्षांशावर आहे आणि टस्कनी ४३ च्या आसपास. तिथे जूनचा सूर्य तिरका उतरतो, त्यामुळे आपल्याकडे जेमतेम अर्धा तास टिकणारा सोनेरी प्रकाश तिथे पाऊण तासाच्या जवळपास मिळतो आणि नंतरचा निळसर उजेडही अधिक रेंगाळतो. नागपूरच्या फुटाळा तलावाच्या काठावर धावपळ करून जोडप्याचे फोटो उरकण्याची ज्यांना सवय आहे, त्यांनी तिथे घाई करू नये. परंतु हे गणित उन्हाळ्याचे आहे. विराट कोहली आणि अनुष्का शर्मा यांचे टस्कनीतील लग्न डिसेंबर २०१७ मधले होते, आणि डिसेंबरात तिथे पावणेपाचच्या आतच सूर्य मावळतो. म्हणून तारीख कळताच त्या दिवसाच्या सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा काढून यजमानांसह कार्यक्रमपत्रिका पक्की करावी.

मंगलाष्टके संपून अक्षता पडण्याचा क्षण उजेड गेल्यावर येणार असेल, तर दिव्यांच्या माळांवर विसंबू नये. इटलीतही वीज आपल्यासारखीच २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे स्वस्त एलईडी माळांची लुकलुक फोटोत टाळायची तर शटर १/५० किंवा १/१०० सेकंदावर ठेवावे लागते. पण एवढ्या शटरवर अक्षता हवेत थांबत नाहीत, त्यांच्या पुसट रेघा उमटतात. उपाय फ्लॅशचाच: एक फ्लॅश मांडवाच्या खांबाला उंचावर आणि शक्य असल्यास दुसरा मागून. मागच्या प्रकाशात अक्षतांचे दाणे चमकतात आणि लाजाहोमाचा धूरही आकार घेतो. होमाच्या अग्नीला शेतघराच्या मालकांची परवानगी आहे ना, हे यजमानांकडून आधीच विचारून घ्यावे, कारण उन्हाळ्यात तिथली माळराने वाळलेली असतात आणि वणव्याची धास्ती असते.

कागदपत्रांबाबत थोडक्यात. शेंगेन व्हिसाचा (इटलीसह युरोपातील अनेक देशांना चालणाऱ्या एकाच व्हिसाचा) अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, तो शेवटच्या पंधरवड्यावर ढकलू नये. मोबदला घेऊन काम करायचे असल्यास कोणता व्हिसा लागेल, हे दूतावासाकडून लेखी उत्तर घेऊनच ठरवावे. ‘पाहुणा म्हणून जा, कोण विचारतो’ हा वऱ्हाडातील काकांचा सल्ला प्रेमळ असला तरी धोक्याचा आहे. निघताना विमानतळावर सीमाशुल्क विभागाकडून कॅमेरे व लेन्स यांच्या क्रमांकांसह निर्यात प्रमाणपत्र करून घ्यावे, म्हणजे परतताना आपल्याच वस्तूंवर शुल्काचा प्रश्न उभा राहत नाही. सामान फार असेल, तर फिक्की या उद्योग महासंघाकडून मिळणारे एटीए कार्ने (सामान तात्पुरते परदेशी नेऊन शुल्काविना परत आणण्याचा दस्तऐवज) हा अधिक भक्कम मार्ग आहे. सुट्या लिथियम बॅटऱ्या आणि पॉवर बँक हातातल्या बॅगेतच ठेवाव्या लागतात. १०० वॅट-तासांपर्यंतच्या बॅटरीला सहसा वेगळी परवानगी लागत नाही, त्याहून मोठीला, १६० वॅट-तासांपर्यंत, विमान कंपनीची लागते. ड्रोन नेण्याचा मोह शक्यतो आवरावा: युरोपीय संघात कॅमेऱ्याच्या ड्रोनसाठी चालकाची नोंदणी लागते, सर्वसाधारण उड्डाणाला १२० मीटर उंचीची मर्यादा आहे आणि जमलेल्या गर्दीवरून उडवता येत नाही, मग वरातीचे ते हवे असलेले दृश्य मिळतच नाही.

लग्नाच्या किमान दोन दिवस आधी पोहोचावे. एक दिवस झोप आणि उशिरा येणाऱ्या सामानासाठी. दुसऱ्या दिवशी मुहूर्ताच्याच वेळी मांडवाच्या जागेवर उभे राहून सावल्या पाहाव्यात. सुरूच्या रांगा दिसायला सुंदर, पण गडद असतात. त्या पार्श्वभूमीवर कॅमेरा स्वतःच्या हिशोबाने चेहरे फटफटीत करतो, म्हणून एक्स्पोजर हाताने ठरवावे. तिथल्या कच्च्या पांढऱ्या रस्त्यांची धूळ आपल्या मे महिन्यातल्या धुऱ्यावरच्या धुळीइतकीच चिवट असते, त्यामुळे उघड्यावर लेन्स बदलू नये, दोन कॅमेरे गळ्यात ठेवावेत.

सर्व कॅमेऱ्यांची घड्याळे स्थानिक वेळेला लावण्याचे काम विमानातून उतरताच करावे. माझ्या एका कामात दुसरा कॅमेरा भारतीय वेळेवर राहिला. साडेतीन तासांच्या फरकाने सप्तपदी सीमांतपूजनाच्या आधी येऊन बसली आणि दोन हजार फोटो हाताने लावावे लागले.

प्रत्येक फोटो दोन कार्डांवर एकाच वेळी उमटू द्यावा. एक रॉ फाइल (कॅमेऱ्याने टिपलेली मूळ, प्रक्रिया न केलेली) ३० एमबीची धरली, तर पाच हजार फोटोंना सुमारे १५० जीबी लागतात. ग्रामीण भागातील इंटरनेटवरून एवढे रातोरात चढत नाही, त्यामुळे दोन स्वतंत्र ड्राइव्हवर प्रती काढाव्यात. परतताना एक ड्राइव्ह आपल्या हातातल्या बॅगेत असावा आणि दुसरा, यजमानांच्या संमतीने, वेगळ्या विमानाने नागपूरला येणाऱ्या एखाद्या जबाबदार मामांच्या हाती सोपवावा. कार्डे मात्र दोन्ही प्रती घरी उघडून तपासेपर्यंत पुसू नयेत.