शंभर किलो वाहणाऱ्या ट्रॉली-रोबोटला थांबवायचं कसं

कारखान्यात सुटे भाग वाहून नेणारा रोबोट बनवायला घेतला की सगळे आधी नकाशा, मार्ग आणि स्क्रीन यांच्या मागे लागतात. ब्रेकचा विचार शेवटी होतो. तोवर मोटर आणून झालेली असते आणि तिला मागच्या बाजूला शाफ्टच नसतो. स्प्रिंगचा ब्रेक बसतो तो नेमका त्याच शाफ्टवर. म्हणून इथे क्रम उलटा आहे.

उदाहरणाला एक गाडी धरू. लांबी ९०० मिमी, रुंदी ६०० मिमी. गाडीचं वजन ४० किलो, माल १०० किलो. मधोमध १५० मिमी व्यासाची दोन चालती चाकं, पुढे-मागे कास्टर, म्हणजे कुठेही वळणारी मोकळी चाकं. बॅटरी २४ व्होल्ट. वेग सेकंदाला ०.८ मीटर, म्हणजे रमतगमत चालणाऱ्या माणसाइतका.

मोटर आणि ब्रेक

सपाट जमिनीवर १४० किलो लोटायला साधारण ४० न्यूटन लागतात. ०.५ मी/से² ने वेग घ्यायला आणखी ७०, आणि शटरपाशी असतो तसला ३ अंशांचा चढ चढायला ७२. बेरीज १८० च्या आसपास. एका चाकाला ९० न्यूटन म्हणजे ७ न्यूटन-मीटर. दीडपट धरून १० घ्या. ०.८ मीटरला चाकाचे मिनिटाला सुमारे १०२ फेरे होतात, तेव्हा ३००० फेऱ्यांची मोटर आणि १:३० गिअरबॉक्स बरोबर जुळतात. प्रत्येकी १२० वॉट पुरे.

ब्रेक असा घ्या की जो वीज दिल्यावर सुटतो आणि वीज गेली की स्प्रिंगने आवळतो. मोटरच्या तारा शॉर्ट करूनही गाडी मंदावते, पण वेग कमी होईल तसा तो जोर ओसरतो आणि उतारावर गाडी हळूहळू घरंगळत राहते. उतारावर ०.६ मी/से² ने थांबवायला मोटरच्या शाफ्टवर प्रत्येकी ०.२ न्यूटन-मीटर लागतात, ०.४ चा ब्रेक घ्या.

इथे एक मेख आहे. हा ब्रेक झटक्यात बसला तर सपाट जमिनीवर भरलेली गाडी २.३ मी/से² ने थांबते. रिकाम्या गाडीवर तोच जोर साडेतीन पट जाणवतो, चाकं जाम होऊन घसरतात आणि गाडी तिरकी होते. म्हणून रोजचं थांबणं ड्रायव्हरकडून (मोटरला हवी तेवढी वीज देणारं सर्किट), वेग उतरवत करायचं. ब्रेक उभी गाडी धरून ठेवण्यासाठी आणि बाकी सगळं फसलं तर.

चाकांचं आणखी एक: चार कास्टर आणि दोन चाकं एकाच ताठ चौकटीवर बसवली की जमिनीच्या जरा खोलगट भागात कास्टरच गाडी तोलून धरतात आणि चालतं चाक हवेत फिरतं. तिथे ब्रेकही हवेतच लागतो. चालती चाकं स्प्रिंगच्या आर्मवर घ्या.

इमर्जन्सी स्टॉपचं वायरिंग

लाल मशरूम बटण, मागे पिवळा रंग, चारही बाजूंना एकेक. सगळ्यांचे एनसी (एरवी जोडलेले, दाबल्यावर तुटणारे) काँटॅक्ट सिरीजमध्ये, म्हणजे तार तुटली तरी गाडी थांबते. एनओ (दाबल्यावर जोडला जाणारा) काँटॅक्ट आणि प्रोग्राममधली एक ओळ एवढ्यावर भागवलेलं बटण केवळ शोभेचं.

आयएसओ १३८५० नुसार इमर्जन्सी स्टॉप दोनच प्रकारचा चालतो: वीज ताबडतोब तोडणं (प्रकार ०) किंवा ताब्यात ठेवून थांबवणं आणि मग तोडणं (प्रकार १). आपल्या गाडीच्या बटणाला प्रकार १ घ्या. बटण दाबताच ड्रायव्हरला थांबायचा हुकूम जातो आणि दीड सेकंदाने ऑफ-डिले (उशिरा सुटणारा) सेफ्टी रिले काँटॅक्टर, म्हणजे मोटरची वीज जोडणारा-तोडणारा मोठा स्विच, पाडतो. ०.८ वरून ०.६ ने उतरायला १.३३ सेकंद लागतात, दीड त्यावरून आला. तो उगाच ३ सेकंद ठेवू नका: कंट्रोलर अडकला असेल तर त्या तीन सेकंदांत गाडी २.४ मीटर पुढे जाते. बंपर दाबला गेला किंवा वॉचडॉग (कंट्रोलर अडकला का यावर नजर ठेवणारं सर्किट) सुटला तर मात्र प्रकार ०, वाट बघणं नाही.

बटण वर ओढल्यावर गाडी आपोआप निघता कामा नये. वेगळं निळं रीसेट बटण आणि त्यानंतर वेगळा स्टार्ट.

काँटॅक्टरमध्ये तीन चुका नेहमीच्या. पहिली, एसीचा काँटॅक्टर डीसीवर लावणं. एसीची ठिणगी दर अर्ध्या आवर्तनाला विझते, डीसीची ओढली जाते आणि काँटॅक्ट चिकटतात. डीसीचाच घ्या, आणि त्यावर + खूण असेल तर ती पाळा. दुसरी, कॉइलवर नुसता डायोड. कॉइलचा प्रवाह त्यातून फिरत राहतो आणि काँटॅक्टर उशिरा सुटतो. डायोडसोबत सिरीजमध्ये झेनर लावा. ब्रेकच्या कॉइललाही हेच. तिसरी, ड्रायव्हरचे मोठे कपॅसिटर थेट जोडणं. पहिल्याच झटक्याला ठिणगी पडते आणि काही दिवसांनी काँटॅक्टर उघडतच नाही. ४७ ओहम, १० वॉटच्या रेझिस्टरमधून आधी सेकंद-दीड सेकंद भरू द्या, मग काँटॅक्टर. काँटॅक्टर पडतानाच ड्रायव्हरचा एनेबलही काढा, नाहीतर फिरती मोटर परत वीज ढकलून ड्रायव्हर जाळू शकते.

कंट्रोलर अडकला तर

कंट्रोलर चालू होताना त्याच्या पिना क्षणभर मोकळ्या असतात. ड्रायव्हरच्या पीडब्ल्यूएम (वेगाचा सिग्नल) आणि एनेबल (चालू-बंद) पिनांवर ग्राउंडकडे १० किलोओहमचा रेझिस्टर लावा. गाडी चालू करताच किंचित उडी मारत असेल तर आधी हेच तपासा.

वॉचडॉगला दर ५० मिलिसेकंदांनी ठोका, २०० मिलिसेकंद ठोका नाही आला की रिले सुटला पाहिजे. ठोका मुख्य लूपमधून द्या, टायमर इंटरप्टमधून नको. लूप अडकला तरी इंटरप्ट इमाने इतबारे ठोके देत राहतो. ठोका कपॅसिटरमधून घेतला की पिन ‘हाय’वर अडकली तरी रिले पडतो. हाच २०० मिलिसेकंदांचा नियम वायफायवरून येणाऱ्या हुकमालाही. रिमोट वापरत असाल तर चाकं ठोकळ्यांवर उचलून, ॲक्सिलरेटर दाबलेला असताना रिमोटच बंद करून बघा. काही रिसीव्हर सिग्नल गेला की शेवटचा हुकूम धरून ठेवतात.

किती लांबून दिसायला हवं

दिसण्यापासून ब्रेक लागेपर्यंतचा वेळ मोजा. दहा हर्ट्झच्या लिडारचे (लेझर फिरवून अंतर मोजणारा सेन्सर) दोन फेरे २०० मिलिसेकंद, हिशेब ५०, ड्रायव्हर ५०, एकूण ०.३ सेकंद, म्हणजे २४ सेमी. थांबायला ०.८ चा वर्ग भागिले १.२, म्हणजे ५३ सेमी. एकूण ७७. घसरण आणि झिजलेलं चाक धरून समोरचा पट्टा १ मीटर ठेवा. वेग दुप्पट केलात तर नुसतं थांबायलाच २.१ मीटर लागतात. वळणावर ०.३ मीटरला उतरा, तिथे १७ सेमीत काम होतं. जागच्या जागी वळताना गाडीचा कोपरा मध्यापासून ५४ सेमीवर फिरतो, म्हणजे बाजूच्या कडेपेक्षा २४ सेमी बाहेर. भिंतीला टेकून उभा असलेला माणूस तिथेच सापडतो.

लिडार जमिनीपासून साधारण २०० मिमीवर बसवतात. त्या उंचीला पाय दिसतात. ८५ मिमीवर खाली टेकलेले हँडपॅलेटचे काटे दिसत नाहीत आणि टेबलाची बाहेर आलेली कडही नाही. लोडिंग डॉकची कड तर त्याच्या दृष्टीने मोकळी जागाच. तिथे खाली बघणारा वेगळा सेन्सर हवा. आणि छंदाचा लिडार हे सुरक्षेचं उपकरण नव्हे. माणसांत फिरणाऱ्या गाडीला आयएसओ ३६९१-४ च्या अपेक्षेप्रमाणे प्रमाणित सेफ्टी स्कॅनर लागतो. घरगुती जोडणी कुंपणाच्या आतच चालवा.

रबरी सेफ्टी एजच्या (बंपरवरच्या, दाब ओळखणाऱ्या पट्टीच्या) टोकाला ८.२ किलोओहमचा रेझिस्टर असतो. मीटर लावा: ८.२ म्हणजे ठीक, शून्याजवळ म्हणजे दाबलेला, अनंत म्हणजे तार तुटलेली. एज जेवढा दबतो तेवढ्यात गाडी थांबली पाहिजे. पूर्ण वेगाला ते शक्य नाही, म्हणून पूर्ण वेग फक्त स्कॅनर चालू असतानाच. तो बंद पडला तर रांगायचं.

चाचणी

आयएसओ ३६९१-४ मध्ये चाचणीचे दोन नमुने दिले आहेत: आडवा पडलेला २०० मिमी व्यासाचा, ६०० लांबीचा नळा, आणि उभा ७० मिमीचा, ४०० उंचीचा. हार्डवेअरच्या दुकानात २०० चा पीव्हीसी मिळतो. ७० चा मिळत नाही. त्याऐवजी ६३ चा घ्या, परीक्षा जरा कडकच होईल. दोन्हींना काळं मळकट कापड गुंडाळा, काळ्यावरून किरण कमी परततात.

जमिनीवर दर १० सेमीला टेप लावा. पूर्ण माल, पूर्ण वेग, दहा फेऱ्या. मग रिकामी गाडी, दहा. मग उतारावर. मग बॅटरी जवळजवळ उतरलेली असताना: मोटर ओढ घेते तेव्हा व्होल्टेज खाली बसतं आणि कंट्रोलर रीसेट होतो, हे इथेच कळतं. शेवटी जमिनीवर कूलंटचा हलका हात फिरवून. सरासरी लिहू नका; सगळ्यांत वाईट आकडा लिहा आणि त्यावरून पट्टा ठरवा.

महिन्यातून एकदा त्याच टेपवर तीन फेऱ्या घ्या. ७७ चे ९० सेमी झाले की आधी चाकाच्या रबरात रुतलेला बर (धातूचा कीस) काढा, मग ब्रेकची फट फीलर गेजने बघा. एवढं करूनही आकडा खाली आला नाही तर वेग ०.६ वर आणा आणि नवा ब्रेक लायनर येईपर्यंत तिथेच ठेवा.