बजेट एव्ही रिसिव्हर आणि स्पीकर यांची जोडी जमवताना या चुका टाळा

होम थिएटरच्या खरेदीला निघालेला माणूस बहुतेक वेळा आधी रिसिव्हर (आवाजाचा सिग्नल घेऊन स्पीकरना ताकद देणारे यंत्र) ठरवतो आणि उरलेल्या पैशांत पाच स्पीकर व एक सबवूफर (खर्जाचा खास स्पीकर) बसवू पाहतो. हा क्रमच मुळात उलटा आहे. आवाज कसा ऐकू येणार हे मुख्यतः स्पीकर आणि खोली ठरवतात. सुरुवातीच्या श्रेणीतले रिसिव्हर त्या मानाने एकमेकांपासून फार वेगळे नसतात. म्हणून आधी स्पीकर निवडावेत आणि मग ते पेलू शकेल असा रिसिव्हर घ्यावा.

खोक्यावरच्या वॉटवर विश्वास ठेवणे

यामाहाच्या आरएक्स-व्ही३८५ या ५.१ (पाच स्पीकर आणि एक सबवूफर यांच्यासाठीच्या) रिसिव्हरचे माहितीपत्रक पाहिले, तर एकाच यंत्राचे तीन आकडे दिसतात : १३५ वॉट, १०० वॉट आणि ७० वॉट. पहिला आकडा एकच चॅनल (एका स्पीकरची वाट) चालू ठेवून, फक्त १ किलोहर्ट्झच्या सुरावर आणि तब्बल १० टक्के विकृती (मूळ आवाजात होणारा बिघाड) मान्य करून मोजलेला आहे. शेवटचा दोन चॅनल चालू असताना, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ या पूर्ण पट्ट्यात, ०.०९ टक्के विकृतीवर मोजलेला आहे. तिन्ही मोजमापे ६ ओहमवरची आहेत (ओहम म्हणजे स्पीकर विजेला करतो त्या विरोधाचे माप). यात कंपनीची लबाडी नाही, कारण अटी छापलेल्या असतात; पण जाहिरातीत पहिलाच आकडा ठळक होतो. तुलना करायची तर शेवटच्या प्रकारच्या आकड्यांचीच करावी, आणि पाचही चॅनल एकाच वेळी कामाला लागले की प्रत्येकाच्या वाट्याला त्याहूनही कमी येणार, हे गृहीत धरावे. पीएमपीओ (क्षणिक कमाल शक्ती) या नावाने छापलेल्या हजारो वॉटचा तर विचारही करू नये.

मुळात या आकड्यांना आपण देतो तेवढे महत्त्व नाही. शक्ती दुप्पट केली, तर आवाज जेमतेम ३ डेसिबलने वाढतो, म्हणजे ७० आणि १३५ वॉटमधला फरक कानाला थोडासाच जाणवतो. खरा फरक पडतो तो स्पीकरच्या सेन्सिटिव्हिटीने, म्हणजे १ वॉटमध्ये १ मीटरवर तो किती डेसिबल आवाज काढतो याने. ८४ डेसिबलच्या स्पीकरला जो आवाज काढायला ८० वॉट लागतात, तोच आवाज ९० डेसिबलचा स्पीकर सुमारे २० वॉटमध्ये काढतो. सोफा स्पीकरपासून ३ मीटरवर असेल, तर मोकळ्या जागेच्या हिशेबाने साडेनऊ डेसिबल वाटेतच जातात. बंद खोलीत भिंतींमुळे ही घट थोडी कमी होते, इतकेच. अशा वेळी बजेट रिसिव्हरला ८४-८५ डेसिबलचे देखणे, छोटे बुकशेल्फ स्पीकर जोडणे म्हणजे त्याच्याकडून सतत शेवटच्या टोकाला काम करून घेणे होय. ८८ किंवा त्याहून अधिकचे स्पीकर शोधावेत.

इथे एक खाच आहे. सेन्सिटिव्हिटी पुष्कळदा २.८३ व्होल्टवर मोजतात. हा विद्युतदाब ८ ओहमच्या स्पीकरला १ वॉट देतो, पण ४ ओहमच्या स्पीकरला २ वॉट देतो. त्यामुळे कागदावर ८८ डेसिबल दिसणारा ४ ओहमचा स्पीकर १ वॉटच्या हिशेबाने ८५ डेसिबलचाच ठरतो, शिवाय रिसिव्हरकडून दुप्पट विद्युतप्रवाह ओढतो.

ओहमकडे दुर्लक्ष करणे

रिसिव्हरच्या मागे किमान किती ओहमचे स्पीकर चालतील ते लिहिलेले असते. तिथे ६ लिहिले असेल, तर ४ ओहमचे स्पीकर हळू आवाजात कदाचित महिनोन्महिने विनातक्रार चालतील, आणि एखाद्या मोठ्या स्फोटाच्या प्रसंगाला रिसिव्हर गप्पकन बंद पडेल. रिसिव्हरच्या मेनूतील ओहमची निवड बदलून हा प्रश्न सुटतो, असा समज आहे. प्रत्यक्षात ती निवड बहुधा बाहेर पडणारा विद्युतदाब कमी करते, म्हणजे यंत्र थंड राहते पण ताकदही घटते.

जुन्या 'होम थिएटर इन अ बॉक्स' संचातले स्पीकर नव्या रिसिव्हरला जोडण्याचा मोह फार जणांना होतो, आणि सर्वाधिक फसगत इथेच होते. हे स्पीकर पुष्कळदा ३ किंवा ४ ओहमचे असतात, त्यांच्या तारांना त्या संचापुरते खास प्लग असतात, आणि त्यांचा सबवूफर पॅसिव्ह असतो, म्हणजे त्याच्या पोटात अॅम्प्लिफायर नसतो. उलट बजेट रिसिव्हरच्या सबवूफर आउटमधून केवळ क्षीण सिग्नल बाहेर येतो. त्याला पॅसिव्ह सबवूफर जोडला तर काहीच ऐकू येत नाही आणि मालक रिसिव्हर बिघडला म्हणून दुकानात नेतो. स्वतःची वीजजोडणी असलेला अॅक्टिव्ह सबवूफर घ्यावा. जुना संच त्याच्या मूळ यंत्रासह दुसऱ्या खोलीत लावावा.

क्रॉसओव्हर तसाच सोडणे

क्रॉसओव्हर म्हणजे ज्या कंप्रतेखालचा खर्ज स्पीकरऐवजी सबवूफरकडे जातो ती सीमा. रिसिव्हरने माइक लावून केलेल्या स्वयंचलित मोजणीनंतर बरेच जण मेनूत पुन्हा डोकावत नाहीत. ही मोजणी कधीकधी साध्या बुकशेल्फलाही 'लार्ज' (पूर्ण खर्ज पेलणारा) ठरवते आणि खर्जाचा सगळा भार रिसिव्हरवर टाकते. पाच-साडेपाच इंची वूफरच्या स्पीकरला 'स्मॉल' करून ८० हर्ट्झपासून सुरुवात करावी. तीन इंची छोट्या सॅटेलाइट स्पीकरला १२० ते १५० हर्ट्झ लागतात, नाहीतर स्पीकर आणि सबवूफर यांच्यामधला पट्टा रिकामा राहून पुरुषी आवाज पातळ वाटतात. मोजणीच्या वेळी माइक हातात धरू नये किंवा सोफ्याच्या पाठीवर टेकवू नये, तर कानाच्या उंचीवर स्टँडवर ठेवावा.

सेंटर, म्हणजे संवादांसाठीचा मधला स्पीकर पुढच्या दोन स्पीकरांच्याच मालिकेतला असावा. तो परवडत नसेल, तर सेंटर मेनूत 'नन' करावा, म्हणजे संवाद डाव्या-उजव्यातून वाटून येतात. भलत्याच जातीच्या स्वस्त सेंटरपेक्षा ही तडजोड बरी.

आणि तरीही अडले तर

रिसिव्हर वारंवार बंद पडत असेल, तर ओहमला दोष देण्याआधी तारांची टोके पाहावीत. रिसिव्हरच्या लाल पोस्टमधून (तार जोडायच्या खुंटीतून) सुटलेला तांब्याचा एक केसाएवढा धागा शेजारच्या काळ्या पोस्टला टेकला, तरी संरक्षण यंत्रणा काम करते. टीव्हीच्या बंद कपाटात कोंबलेला रिसिव्हर तापूनही तेच करतो. खर्ज नाहीसा झाला असेल आणि संवाद नेमके कुठून येतात ते कळत नसेल, तर एखाद्या स्पीकरचे अधिक-उणे उलटे लागले असण्याची शक्यता आहे. तारेसाठी १.५ चौरस मिलिमीटरचे शुद्ध तांबे घरगुती अंतराला पुरते. वर तांब्याचा मुलामा आणि आत अॅल्युमिनियम असलेली तार टाळावी.

अमेरिकेतून नातेवाइकांनी आणलेला रिसिव्हर सहसा १२० व्होल्टचा असतो. तो पुरेशा क्षमतेच्या स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मरशिवाय आपल्या २३० व्होल्टवर लावू नये. नुसता प्लग बदलणारा अडॅप्टर दाब कमी करत नाही.

मागचे स्पीकर मुकेच असतील आणि आवाजाचा सिग्नल टीव्हीकडून रिसिव्हरला येत असेल, तर केबल दोन्हीकडे एआरसी (टीव्हीचा आवाज रिसिव्हरकडे पाठवणारी सोय) लिहिलेल्याच एचडीएमआय खाचेत आहे ना, हे पाहावे. त्यानंतर रिसिव्हरमधील एचडीएमआय कंट्रोल सुरू करावा आणि टीव्हीच्या डिजिटल ऑडिओ आउटपुटमध्ये पीसीएमऐवजी बिटस्ट्रीम किंवा पास-थ्रू निवडावे.