जांघेतून अँजिओग्राफी झालेल्या रुग्णाला सांभाळताना

मनगटातून अँजिओग्राफी झाली असेल तर काम सोपे असते: ते मनगट वाकवायचे नाही आणि त्या हातावर रक्तदाब मोजू द्यायचा नाही. जांघेतून नळी घातलेल्या रुग्णाला मात्र नळी काढल्यावर साधारण चार ते सहा तास पाय सरळ ठेवून उताणे पडावे लागते. नेमका अवधी डॉक्टर ठरवतात.

वॉर्डात भेटीची वेळ झाली की ‘जरा टेकून बसवा, बरे वाटेल’ असे सांगणारे कोणी ना कोणी येतेच. त्यांचे मुळीच ऐकू नये, कारण उठून बसताना जांघेवर ताण येतो आणि रोहिणीचे (हृदयाकडून रक्त आणणाऱ्या वाहिनीचे) नुकतेच मिटलेले छिद्र पुन्हा वाहू लागू शकते. खोकला येत असेल तर पट्टीवर तळहात घट्ट दाबून धरावा. कंबर अवघडली तर तिच्या पोकळीत गुंडाळलेला टॉवेल सरकवावा आणि दुसरा पाय गुडघ्यात दुमडू द्यावा. छिद्राच्या बाजूच्या गुडघ्याखाली मात्र उशी नको. कंबर एकाएकी असह्य दुखू लागली, घाम फुटला, चेहरा पांढरा पडला किंवा तो पाय गार पडला, तर सिस्टरना तत्काळ बोलवावे. आतल्या आत रक्तस्राव होत असू शकतो किंवा पायाचा रक्तपुरवठा अडलेला असू शकतो.

मला सर्वांत जड गेले ते लघवीचे प्रकरण. सलाईनमुळे मूत्राशय भरते, पण आडवे पडून लघवी होत नाही, आणि संकोचापोटी रुग्ण ‘मला लागलेलीच नाही’ असे सांगतो. म्हणून आदल्या दिवशीच भांडे घेऊन पडल्या पडल्या सराव करून घ्यावा. हा सल्ला ऐकून नातेवाईक हसतात, पण मी तो आग्रहाने देतो. पडदा ओढावा, पाहुण्यांना बाहेर काढावे, नळ सोडावा. तरीही न झाल्यास कुंथू देऊ नये, सिस्टरना सांगावे.

रक्तवाहिन्या दिसाव्यात म्हणून तपासणीत सोडलेले औषध लघवीवाटे जावे, यासाठी पाणी द्यावे. पण मूत्रपिंडाचा विकार असल्यास किती पाणी द्यायचे ते डॉक्टरांना विचारावे, आणि नारळपाण्याचा मारा तर करूच नये, त्यातले पोटॅशियम अशा रुग्णाच्या रक्तात साठू शकते.

घरी लिफ्ट नसेल तर जिने एकदाच, सावकाश चढवावेत. आठवडाभर जड पिशव्या आणि लोकलची गर्दी टाळावी. स्टेंट (रक्तवाहिनी उघडी ठेवणारी बारीक जाळी) बसवला असेल तर रक्त पातळ करणारी गोळी डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय एक दिवसही चुकवू नये. छिद्रातून रक्त आल्यास रुग्णाला तिथेच आडवे करून जागा किमान दहा मिनिटे सलग दाबावी, मध्ये उचलून पाहू नये, आणि रक्त जोराने येत असल्यास दाब न सोडता दुसऱ्या कोणाला १०८ लावायला सांगावे.