कडीवाले पक्षी वाचायला मुलांना नेताना

किनाऱ्यावरच्या काही पक्ष्यांच्या पायात अक्षरांची कडी घातलेली असते. ती दुर्बिणीतून वाचायला मुलांना न्यायचं, तर आधी पंचांग काढा. आमच्या अलिबागजवळच्या आक्षीचे कोळी भरतीची वेळ तिथीवरून सांगतात. तिथीची पाऊणपट करा, येईल त्या आकड्याच्या सुमारास पूर्ण भरती. बाराची पाऊणपट नऊ, म्हणून मुलांना न्यायला मी ऑक्टोबरातली द्वादशी धरते. मग भरती-ओहोटीचा तक्ता बघून वेळ पक्की करते. सातला पोचलं की पाणी चढत असतं. लांब विखुरलेले चिखले आणि तुतवार, म्हणजे चिखलात चरणारे पक्षी, त्या पाण्यापुढे सरकत आपल्याकडे येतात. किनारा पश्चिमेचा, त्यामुळे ऊन आपल्या पाठीवर आणि त्यांच्या पायांवर.

पक्षी पकडणं हे आपलं काम नाही, हे मुलांना पहिल्याच दिवशी सांगा. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे त्याला परवानगी लागते. बीएनएचएसची (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीची) शिकलेली माणसं जाळी लावून, मोजमापं घेऊन कडी घालतात आणि सोडून देतात. पण ती कडी पुढे कुणी वाचलीच नाही, तर त्या जिवाला उगाच धरलं असं होतं. मला ते सहन होत नाही, म्हणून मी मुलांना घेऊन जाते.

तिघांचा गट करा: एक दुर्बिणीला, एक वहीला, एक थव्यावर नजर ठेवायला. दर वीस मिनिटांनी कामं बदला. स्टँडची उंची गटातल्या सगळ्यात बुटक्या मुलाच्या डोळ्याला लावा, उंच मुलं वाकतील. पहिला अर्धा तास कडी शोधायचीच नाही, नुसते पाय बघायचे. रेडशँक या तुतवाराचे पाय मुळातच नारिंगी-लाल असतात. नवीन मूल हमखास "बाई, लाल कडी!" म्हणून ओरडतं. सुकलेला चिखलही कडीसारखा दिसतो.

आता वही. डावा-उजवा पाय पक्ष्याचा, आपल्या बाजूचा नव्हे. जो गुडघा वाटतो तो खरं तर घोटा. कडी त्याच्या वर की खाली, ते लिहा. रंगीत झेंड्या (टोक बाहेर आलेल्या प्लास्टिकच्या कड्या) दोन असतील तर वरची कुठली आणि खालची कुठली, हे चुकवू नका. कुठल्या भागात कडी घातली ते या क्रमावरूनच ओळखतात. मग झेंडीवरची अक्षरं, तारीख, वेळ, जागा. फोटो धूसर आला तरी ठेवा.

न दिसलेल्या अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह. एका वर्षी सातवीतल्या मुलीला दोनच अक्षरं दिसली होती, तिसरं मी उत्साहात अंदाजाने भरलं. नोंद पाठवल्यावर उत्तर आलं: हा क्रमांक दुसऱ्याच जातीच्या पक्ष्याचा आहे. त्या मुलीची खरी नोंद माझ्यामुळे वाया गेली. तेव्हापासून लिहिणाऱ्याच्या हातून पेन्सिल मी घेत नाही.

थव्याने माना वर केल्या की जागच्या जागी थांबा, उडाला तर मागे या. कर्ल्यू सँडपायपर सायबेरियाच्या पार उत्तरेकडून येतो, त्याला पोटभर खाऊ द्या. नऊनंतर वाळू तापते, हवा थरथरते आणि अक्षरं वाचता येत नाहीत. तेव्हा आवरा.

कडी एकही दिसली नाही, तरी किती पक्ष्यांचे पाय तपासले तो आकडा लिहूनच घरी जायचं.