मृगाचा पहिला पाऊस आणि ॲसिडची धास्ती

मृगाच्या पहिल्या सरीनंतर पानांवर तांबूस ठिपके दिसले की ‘ॲसिडचा पाऊस पडला’ अशी बोलवा उठते. चंद्रपूर, कोराडीसारख्या वीजकेंद्रांच्या पट्ट्यात तर हमखास. लगेच औषध घ्यायला पळू नका. एकाच सरीनंतर पिकावर, बांधावरच्या तणावर, झाडांवर सगळीकडे डाग पडले आणि पुढे वाढले नाहीत, तर हवेवर संशय घ्या. एकाच पिकावर पसरत गेले, तर तो बहुधा रोग.

स्वच्छ पावसाचाही सामू (pH; जितका कमी तितका आंबटपणा जास्त) 5.6 च्या आसपास असतो, म्हणजे तो किंचित आंबटच. कोळसा आणि डिझेलच्या धुरातले गंधक व नत्राचे वायू त्यात मिसळले की सामू आणखी उतरतो. उन्हाळाभर हवेत साचलेलं पहिल्या सरींत खाली येतं. आपल्याकडची चुनखडीयुक्त धूळ त्यातली बरीच आम्लता मारते, हे नशीब. तरी पहिल्या पावसाचं पाणी फवारणीच्या टाकीत साठवू नका.

काळ्या जमिनीवाल्यांनी निर्धास्त राहावं. तिच्यात चुनखडी भरपूर असते. वरून चुना टाकलात तर पैसे जातीलच, शिवाय लोह-जस्ताची कमतरता वाढेल.

काळजी कोकणातल्या जांभ्याच्या मातीची. तिथले क्षार धो धो पावसाने वाहून जातात, त्यामुळे ती मुळातच आम्ल. सामू 5.5 च्या खाली गेला की ॲल्युमिनियम सुटा होऊन मुळं खुंटतात, स्फुरद (फॉस्फरस) मातीतच अडकतं. त्यात आपण भर घालतो ती वेगळीच: 100 किलो अमोनियम सल्फेट खताची आम्लता मारायला सुमारे 110 किलो चुनखडी लागते! धुराला शिव्या देण्याआधी खताचं बिल बघा. माती तपासून अहवालात असेल तेवढाच चुना टाका. युरियासोबत मात्र नको, अमोनिया उडून जातो.

सुपारीवाल्यांनो, बोर्डो हे बुरशीनाशक मिश्रण करताना (मोरचूद 1 किलो, कळीचा चुना 1 किलो, पाणी 100 लिटर) चकचकीत घासलेला लोखंडी खिळा मिश्रणात बुडवून बघा. तांबूस थर चढला तर मिश्रण आम्ल आहे, तसंच फवारलं तर पानं करपतील. थर चढायचा थांबेपर्यंत चुन्याची निवळी घाला आणि उघडीप बघूनच फवारणी करा.