धोट्याची रेघ

व्हिडिओ आर्टकडं वळलेली बेळगावातली पोरं मला आधी कॅमेऱ्याचं विचारतात. माझा उलटा प्रश्न असतो, दाखवणार कुठं? जागा ठरली की निम्मं काम ठरतं.

माझं पहिलं काम वडगावातल्या बंद मागाच्या शेडमध्ये लागलं. चित्रण शेजारच्या चालू मागावर, फोननंच केलेलं. पहिल्या दिवसाचं सगळं वाया गेलं, कारण ट्यूबच्या उजेडात चित्रावरून काळे पट्टे सरकत होते. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. सगळं हातानं ठरवता येणारं मॅन्युअल अ‍ॅप घेऊन सेकंदाला २५ फ्रेम आणि १/५० सेकंद शटर ठेवलं, ते लुकलुकण्याशी जुळलं आणि पट्टे गेले. पण आडवा धागा घेऊन मागात इकडून तिकडं धावणारा धोटाही गेला! त्याच्या जागी ताण्यातून, म्हणजे उभ्या धाग्यांतून, सुटणारी एक पांढरी रेघ. दोन दिवस हळहळले, मग त्या रेघेवरच अख्खं काम उभं केलं.

एडिटिंगला डाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती पुरते. चालत्या चित्रावर खेळ करायचं टचडिझायनर हे सॉफ्टवेअरही शिकण्यापुरतं फुकट मिळतं, फक्त चित्र १२८० × १२८० पिक्सेलच्या वर जात नाही.

प्रोजेक्टर भाड्यानं घेताना थ्रो रेशो, म्हणजे अंतर भागिले चित्राची रुंदी, विचाराच. तो १.५ असेल तर २ मीटर रुंद चित्राला ३ मीटर अंतर लागतं. अरुंद शेडमध्ये जवळूनच मोठं चित्र पाडणारा शॉर्ट थ्रोच हवा. पडद्याला मी आधी मलमल टांगली, तर उजेड आरपार जाऊन चित्र मागच्या भिंतीवरही उमटलं. शेवटी मांजरपाट लावला. आणि सुताची पिंजण! ती प्रोजेक्टरच्या फिल्टरमध्ये बसली, मशीन तापून बंद पडलं. तेव्हापासून रोज सकाळी फिल्टर झाडते.

तीन पडद्यांवर चित्र चालवायला तीन रास्पबेरी पाय, म्हणजे तळहाताएवढे छोटे कॉम्प्युटर, लावले होते. लाइट जाऊन आली की ते आपोआप सुरू होतात, तशी सोय करून ठेवा. त्यातलं मेमरी कार्ड फक्त वाचता येईल असं ठेवा, नाहीतर अचानक वीज गेल्यावर ते खराब होऊ शकतं.

दुसऱ्या संध्याकाळी आयुष्यभर माग चालवलेले एक काका आले. तिसऱ्या पडद्यासमोर बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, ह्याचा ठोका चुकतोय. मला काहीच जाणवलं नव्हतं. तपासलं तर खरंच, प्रत्येक पाय आपापल्या घड्याळानं चालत होता आणि दर फेरीला थोडा थोडा सरकत होता. त्या रात्री तिन्ही पाय लॅन केबलनं जोडले, एक पुढारी, दोन त्याच्या मागून. सकाळी दाखवायला काकांनाच आधी बोलावलं.